पान ०० पाहा

मित्रांनो, पडदा म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर खिडकी येते, नाहीतर नाटकाचा रंगमंच. मी तसला नाही. मी एक जुना, चार घड्यांचा, पुठ्ठ्याचा पडदा आहे. उंचीने जेमतेम दीड वीत. मला टेबलावर उभे करतात आणि खेळ संपला की मिटून ठेवतात. माझ्यासाठी कधी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझे काम एकच, लपवायचे. ते मी इतके चोख केले की त्यापायी एका बाईची बावीस वर्षे गेली. खरे तर ही गोष्ट तिने सांगायला हवी. पण ती स्वतःबद्दल बोलणाऱ्यातली नाही, म्हणून मी सांगतो.

ज्या खेळासाठी मी जन्मलो तो आधी समजून घ्या. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण मनाने एक माणूस उभा करतो आणि त्याच्या वतीने बोलतो. कोणी चोर होतो, कोणी वैद्य, कोणी राज्य गमावलेली राणी. एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, 'तुम्ही एका दाराशी आला आहात. आत कोणीतरी कुजबुजत आहे. काय करता?' मग ज्याने त्याने आपले ठरवायचे. ठरवलेले साधले की फसले, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. सूत्रधाराचे नकाशे, त्याचे तक्ते आणि त्याने टाकलेला फासा इतरांना दिसू नये म्हणून तो मला मध्ये उभा करतो. माझी चित्राची बाजू खेळणाऱ्यांकडे असते आणि तक्त्यांची बाजू त्याच्याकडे.

असल्या खेळांची पुस्तके असतात. ती कोणीतरी लिहावी लागतात, खेळून पाहावी लागतात, छापावी लागतात. ताई हेच करायची. तिला सगळे जण ताईच म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. त्याआधी ती परीक्षांच्या गाइडांची प्रुफे तपासायची. लोकांच्या चुका काढून काढून डोळे दुखायला लागले तेव्हा तिने नोकरी सोडली आणि कुलपे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. बाहेरच्या खोलीत टेबल आणि सहा खुर्च्या, त्यातली एक लंगडी. आतल्या खोलीत कागदांचे गठ्ठे. खालून दिवसभर कानशीचा आवाज यायचा. ताई म्हणायची, 'खाली कुलपं उघडतात, वर दारं बंद करतात, असा आमचा धंदा.'

मला बनवले बाइंडरकाकांनी, नकाशांच्या एका मोठ्या पुस्तकाच्या जाड पुठ्ठ्यातून. मला मांडीवर घेऊन घड्या घालताना ते ताईला म्हणाले होते, "घडी नीट पडली पाहिजे बरं का. नाहीतर ऐन रंगात हा मान टाकेल आणि तुमचं पितळ उघडं पडेल." मी आजवर मान टाकलेली नाही.

आणि माझ्यावर चित्र काढले धाकट्याने. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ, तिच्याहून पाच वर्षांनी लहान, पाट्या रंगवण्याचे काम करणारा. सव्वीस वर्षांचा झाला होता तरी बहिणीच्या डब्यातले अर्धे खाल्ल्याशिवाय त्याला चैन पडायचे नाही. ताईच्या पहिल्या मोठ्या पुस्तकात एक घर होते. उतारावरचे, रिकामे, माणसे गिळणारे घर. ते त्याने माझ्यावर रंगवले. तळघरातून मुख्य दारापर्यंत सात पायऱ्यांचा जिना, आणि जिन्याच्या भिंतीत तिरक्या रांगेत सात झरोके, एकेका पायरीला एक. सगळे काळे. फक्त सर्वांत खालच्या, गवताला टेकलेल्या झरोक्यात त्याने पिवळ्या रंगाचा एक ठिपका ठेवला.

"हा मी," तो म्हणाला. "कंदील घेऊन खाली गेलोय."

खेळात तो कंदीलवाला व्हायचा. दर रविवारी दुपारी चाचणीचा खेळ असे. ताई माझ्या मागे सूत्रधार, समोर धाकटा, बाइंडरकाका आणि शेजारच्या शिंपीणबाई. शिंपीणबाईंना नियम कधीच पाठ झाले नाहीत. खांद्यावर टोचलेली सुई चाचपत त्या प्रत्येक वेळी विचारायच्या, "म्हणजे मी आता मेले का?" आणि सगळे हसायचे. सूत्रधाराला थापा माराव्या लागतात, पण ताईला ते लपवता यायचे नाही. थाप मारताना ती चष्मा काढून पुसायची. धाकटा ओरडायचा, "पुसला! चष्मा पुसला! दारामागं कोणीतरी आहे रे!"

आता जे सांगणार आहे ते फक्त मी पाहिले आहे.

त्या रविवारी ताई सकाळीच दवाखान्यातून एक पाकीट घेऊन आली. धाकट्याला महिनाभर चक्कर येत होती, त्याचा रिपोर्ट होता तो. खिडकीपाशी उभी राहून तिने तो वाचला, पुन्हा वाचला आणि घडी करून माझ्या मागच्या बाजूला, तक्त्यांच्या मागे क्लिप लावून अडकवला. त्या क्लिपचा गंज माझ्यावर अजून आहे. दुपारी धाकटा जिना चढून आला आणि दारातूनच त्याने विचारले, "काय म्हणतोय रिपोर्ट?"

"चांगला आहे," ताई म्हणाली. माझ्या मागे बसून तिने चष्मा पुसला. मी मध्ये होतो.

खेळ सुरू झाला. कंदीलवाला तळघरात उतरला. परत वर येण्यासाठी फासा टाकायचा होता, आणि तो सूत्रधाराने टाकायचा, असा तिथला नियम. एक पडला तर तळघर माणूस ठेवून घेते. ताईने फासा टाकला. तो माझ्या पायाशी, सावलीत येऊन थांबला. एक.

धाकट्याने विचारले, "ताई, फासा किती पडला?"

ताईने फासा मुठीत घेतला. "अकरा. वाचलास."

तो हसला नाही. माझ्या वरच्या कडेवरून त्याने तिच्याकडे पाहिले. चष्मा तिच्या हातात होता आणि पदराचे टोक काचेवर फिरत होते. "बरं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "कंदीलवाल्याचं पुढचं मी लिहीन. पुस्तकात तेवढं एक पान राखून ठेव."

मित्रांनो, त्याला कळले होते. रिपोर्टचे आणि फाशाचे, दोन्ही कळले होते. पण बहीण सांगत नाही म्हटल्यावर त्याने पुन्हा विचारले नाही, आणि ते ओझे त्याला एकट्याने वाहावे लागले. अकरा आठवडे. त्या अकरा आठवड्यांत ताई त्याच्या खाटेशी बसून हवापाण्याच्या, छापखान्याच्या, शिंपीणबाईंच्या गप्पा मारत राहिली. निरोपाचा एक शब्द दोघांत झाला नाही. राखून ठेवलेले पान कोरेच राहिले.

पुस्तके लिहिताना ताईची एक पद्धत होती. 'अमुक पान पाहा' असे लिहायचे असेल आणि ते पान कितवे येणार हे अजून ठरले नसेल, तर ती तिथे 'पान ०० पाहा' असे लिहून ठेवायची. सगळी मांडणी झाली की शेवटी लाल पेन घेऊन बसायचे आणि एकेक शून्य भरायचे. या धंद्यात सगळेच असे करतात आणि सगळ्यांनाच धास्ती असते की एखादे राहून जाईल. धाकट्याला जाऊन महिना झाला तेव्हा प्रुफे आली. ताईने चाळीस ठिकाणची शून्ये भरली. एकेचाळिसाव्या ठिकाणी मजकूर होता, 'कंदीलवाला परत आला, तर पान ०० पाहा.' लाल पेन त्या ओळीवर थांबले. खाली कानस चालू होती, ती थांबली, पुन्हा सुरू झाली. मग ताईने पान उलटले.

दुसऱ्याच्या पुस्तकात अशी चूक तिने झोपेतही पकडली असती. पुस्तक तसेच छापले गेले.

पुस्तक मात्र चालले! अगदी हातोहात गेले. ताईने मग आणखी दहा पुस्तके काढली, दोन खोल्यांच्या चार झाल्या, मोठ्या सभागृहांतल्या मेळाव्यांत तिला व्यासपीठावर बसवू लागले. मलाही ती सगळीकडे न्यायची. लोक माझ्याभोवती जमायचे, चित्र पाहून 'वा' म्हणायचे. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे. एक जण तर माझा फोटो काढायला दोनशे मैलांवरून आला होता.

पण ताई चित्राकडे पाहत नसे. मिटताना माझे चित्र आत जाते आणि उघडताना ते समोरच्यांकडे वळते. ती मला पाठीमागूनच, हाताच्या अंदाजाने उघडायची आणि खाली मान घालून तक्ते वाचायची. धाकटा गेल्यापासून तिने माझी पुढची बाजू पाहिली नव्हती.

म्हणून तिला दिसले नाही की दिवा हलला आहे.

पहिल्यांदा मला जाणवली ती ऊब. खालच्या झरोक्यापाशी माझा पुठ्ठा नेहमी किंचित कोमट असे. तिसऱ्या वर्षी तिथे गार पडले आणि दुसऱ्या झरोक्यापाशी ऊब आली. मागच्या बाजूला तक्त्यावर तिथेच तपकिरी डाग उमटला. ताई पुटपुटली, "ओल आली वाटतं," आणि तिने त्यावर कागदाचे ठिगळ चिकटवले. एका रविवारी शिंपीणबाई माझ्याकडे टक लावून म्हणाल्या, "हा दिवा मागं खालच्या खिडकीत होता ना हो?" बाइंडरकाका म्हणाले, "तुम्ही आधी चष्मा बदला. तो पहिल्यापासून तिथंच आहे." आणि गंमत अशी की थोड्या वेळाने शिंपीणबाईंनाही तसेच वाटू लागले. जो पाहील त्याला तो दिवा पहिल्यापासून तिथेच असल्यासारखा वाटायचा.

मग पत्रे यायला लागली. सुरुवातीची पत्रे तक्रारीची होती. 'आमच्या प्रतीत पान ०० नाही. प्रत बदलून मिळावी.' ताई 'मुद्रणदोषाबद्दल क्षमस्व' असे छापील उत्तर पाठवायची. त्यानंतर एक पत्र आले, एका लहानशा रुग्णालयातल्या परिचारिकेचे. ते ताईने माझ्या आडोशाला बसून वाचले म्हणून मलाही वाचता आले. 'पान सापडेना, म्हणून मी मनानेच सांगितले. कंदीलवाला खालून दुसऱ्या पायरीवर बसला आहे. कंदील मांडीवर आहे. तो विचारतो, फासा किती पडला? हे मला कसे सुचले ते माहीत नाही, पण त्यानंतर आमच्यापैकी कोणाला पुढे खेळावेसे वाटेना.'

ताईने पत्राची घडी केली आणि 'किरकोळ' असे लिहिलेल्या फायलीत ठेवून दिले.

पुढे एका गणिताच्या शिक्षकाचे आले. मग बोटीवर बिनतारी संदेशाचे काम करणाऱ्या एकाचे. ही माणसे एकमेकांना ओळखत नव्हती, त्यांची गावे एका नकाशात मावली नसती. पण पान सापडले नाही की प्रत्येकाच्या तोंडून तेच निघे. तो पायरीवर बसला आहे. फासा किती पडला? फरक एवढाच, की शिक्षकाच्या पत्रात तो तिसऱ्या पायरीवर होता आणि बोटीवरच्या पत्रात चौथ्या. आणि माझ्या मागच्या बाजूला ठिगळांची तिरकी रांग वर चढत होती. फासा त्या दिवशी किती पडला हे आता जगात फक्त दोघांना ठाऊक होते. एक ताई, आणि दुसरा मी, पण मला तर तोंडच नाही.

काळ बदलला. लोक संगणकाच्या पडद्यावर खेळू लागले, त्या पडद्यापुढे माझा काय पाड! ताईने खोल्या सोडल्या. मला तिने घरी नेले आणि कपाट व भिंत यांच्या फटीत सरकवून ठेवले. सहा वर्षे मी तिथे होतो. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. मी मिटलेला होतो, चित्र आत होते, आणि त्या अंधारात ऊब पाचव्या झरोक्यातून सहाव्यात गेली. मग सातव्यात, दारालगतच्या. तिथे ती इतकी वाढली की मला भीती वाटली, मी पेट घेईन. वर चढायला तो घाई करू लागला होता.

मग एके दिवशी फोन वाजला. एका नव्या प्रकाशन संस्थेला ते पहिले पुस्तक पुन्हा काढायचे होते. मांडणी करणारा माणूस बोलत होता आणि त्याचा आवाज मोठा असल्याने फटीतही ऐकू येत होते. "मॅडम, बाकी सगळं बसलंय. त्या पान शून्य-शून्यचं काय करू? ओळ काढूनच टाकतो ना?"

ओळ काढली असती तर प्रश्न मिटला असता. पत्रे थांबली असती आणि पायरीवरचा माणूस कायमचा पायरीवर राहिला असता. "नको," ताई म्हणाली. "आठवडाभर थांबा."

रविवारी दुपारी तिने मला बाहेर काढले, माझ्यावरची धूळ पुसली आणि आपल्या दोन जुन्या खेळगड्यांना बोलावले. बाइंडरकाका आता काठी टेकत आले. शिंपीणबाईंना ताईने माझ्या मागे बसवले.

"मी? सूत्रधार?" शिंपीणबाई हादरल्या. "अहो, मला अजून कळत नाही मी कधी मरते ते!"

"पुस्तकात बघून सांगा. आज मी खेळणार."

आणि ती माझ्यासमोर येऊन बसली. बावीस वर्षांनी तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. तिची नजर आधी सर्वांत खालच्या झरोक्याकडे गेली. तिथे काळोख होता. मग ती नजर एकेक पायरी चढली. वरच्या टोकाला, दारालगत, पिवळा ठिपका होता. ताई उठली, माझ्या मागे गेली, तिने ठिगळांवरून आणि त्यांच्या वरच्या दोन नव्या डागांवरून बोट फिरवले, दुसऱ्या झरोक्यापासून सातव्यापर्यंत, आणि परत येऊन बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बरं वाटत नाही का?" बाइंडरकाकांनी विचारले.

"खेळू या," ताई म्हणाली.

शिंपीणबाई बोट ठेवून वाचू लागल्या. घर, उतार, दार, जिना. "'कंदीलवाला परत आला, तर पान ०० पाहा.' अहो, हे पान कुठाय?"

"नाहीये. तुम्हाला सुचेल ते सांगा."

त्या पत्रांबद्दल शिंपीणबाईंना काही ठाऊक नव्हते. ती फाइल ताईने कोणालाही दाखवली नव्हती. त्यांनी खांद्यावरची सुई चाचपली आणि कापड मापल्यासारख्या सरळ आवाजात त्या म्हणाल्या, "तो वरच्या पायरीवर बसलाय. कंदील मांडीवर. दार पाठीशीच आहे, पण उघडत नाही. तो विचारतोय, ताई, फासा किती पडला?" मग त्या दचकल्या. "हे काय बोलले मी? काहीतरीच!"

माझा पुठ्ठा चटचट वाजत होता. बाइंडरकाकांनी टेबलाची कड धरली होती. ताईचा हात चष्म्याकडे गेला. तिने तो काढला, पण पुसला नाही. टेबलावर ठेवून दिला.

"एक," ती म्हणाली. "एक पडला होता रे. आणि रिपोर्टही चांगला नव्हता. मला सकाळपासून माहीत होतं. तुला सांगायचं सोडून मी तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसले. तुला कळलं होतं ना? मला भीती वाटली रे. तू जाशील याची नाही, तू जातोयस हे तुझ्यासमोर बोलायची."

एवढे बोलून ती रडली, मोठ्याने, लहान मुलीसारखी. शिंपीणबाईंनी माझ्यावरून हात पुढे करून तिचा हात धरला. आणि माझ्यातली ऊब गेली. हळूहळू नाही, कोणी फुंकर मारावी तशी. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी सगळीकडे सारखा गार होतो.

ताईने डोळे पुसून पाहिले. सातही झरोके काळे होते. मुख्य दार अर्धे उघडे होते, आणि बाहेरच्या फरशीवर कंदील ठेवलेला होता, विझवून, हात मोकळे करून कोणी घरी निघावे तसा.

"काका, हा कंदील..."

"त्याचं काय? बाहेरच काढलाय की त्यानं," बाइंडरकाका म्हणाले. "पहिल्यापासून."

त्याच संध्याकाळी ताईने ते राहिलेले पान लिहिले. दोनच ओळी आहेत. 'सूत्रधाराने पडदा बाजूला करावा. फासा सर्वांसमोर टाकावा आणि जो पडेल तो सांगावा.' नव्या पुस्तकात त्या पानाला खरा आकडा मिळाला. पायरीवरच्या माणसाबद्दल पुन्हा पत्र आले नाही.

आता मी ताईच्या टेबलावर असतो, भिंतीला टेकून. चित्र तिच्याकडे, तक्ते भिंतीकडे. ती कामातून मान वर करते तेव्हा मला पाहते. धाकट्याने ते चित्र तिच्यासाठीच काढले होते आणि मी ते इतकी वर्षे भलत्यांनाच दाखवत बसलो, याचे मला वाईट वाटते.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने पुठ्ठे तुमच्याही घरात असतील. त्यांना ओल लागू देऊ नका, कसरीपासून जपा, मिटताना घडी दुमडू नका. खेळताना खुशाल माझ्याआड लपा, हव्या तेवढ्या थापा मारा, मी चुगली करणार नाही. पण तुमचे माणूस समोर बसून विचारील, फासा किती पडला, तेव्हा मात्र मला मध्ये धरू नका.